वेधशाळेच्या हिशेबातला श्वास

१० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगासमोर आले तेव्हा वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर त्याला मानाचे स्थान दिले. साडेपाच कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील एम ८७ दीर्घिकेच्या गाभ्यातील ते अंधारे वर्तुळ आणि भोवतालचे नारिंगी कडे पाहून सामान्य वाचकही क्षणभर थबकला. आइन्स्टाइनचे भाकीत, संगणकांचे सामर्थ्य, शेकडो शास्त्रज्ञांचे सहकार्य या सर्व गोष्टींची यथायोग्य चर्चा झाली. ज्या निरीक्षणांवरून ते चित्र तयार झाले ती एप्रिल २०१७ मधील मोजक्या रात्रींत, सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी केली होती. त्यांतल्या बहुतेक उंच पर्वतांवर वा पठारांवर आहेत. एक हवाईतील मौना केया शिखरावर, सुमारे ४१०० मीटर उंचीवर. एक मेक्सिकोतील सिएरा नेग्रावर, सुमारे ४६०० मीटरवर. आणि सर्वांत समर्थ अशी ‘आल्मा’ चिलीतील चाहनान्तोर पठारावर, ५००० मीटरवर. या ठिकाणी त्या रात्री कोण जागत होते, त्यांना श्वास कसा मिळत होता, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. यंत्राची किंमत विचारण्याची आपल्याला सवय आहे. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाची किंमत आपण गृहीत धरतो.

या उंचीचा आग्रह शास्त्रज्ञांच्या हौसेपोटी आलेला नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. रेडिओ लहरी म्हटले की त्या ढगांतून, पावसातून सहज आरपार जातात असा आपला समज असतो, आणि मीटर-दोन मीटर लांबीच्या लहरींबाबत तो खराही आहे. परंतु तारे ज्या थंड वायूच्या व धुळीच्या मेघांत जन्म घेतात, ते मेघ मुख्यतः मिलिमीटर व त्याहून सूक्ष्म लांबीच्या लहरींत बोलतात. या लहरींची वैरीण म्हणजे हवेतील वाफ. मुंबईच्या दमट हवेत त्या जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. म्हणून वातावरणाचा बराचसा भाग आणि त्यातील जवळजवळ सगळी वाफ पायाखाली राहील अशी जागा शोधावी लागते. अटाकामाचे वाळवंट हे जगातील अत्यंत शुष्क प्रदेशांपैकी एक. त्याच्या पूर्वेस अँडीज पर्वताच्या कुशीत चाहनान्तोरचे विस्तीर्ण पठार आहे. तेथे डोक्यावरच्या संपूर्ण वातावरणातील वाफ गोठवून जमिनीवर पसरली तर अनेकदा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर होईल. या कोरडेपणासाठी युरोप, अमेरिका, जपान व त्यांचे सहकारी देश तेथे एकत्र आले, सुमारे १४० कोटी डॉलर खर्च झाले, आणि १३ मार्च २०१३ रोजी वेधशाळेचे रीतसर उद्घाटन झाले. ६६ अँटेना, त्यांतील ५४ बारा मीटर व्यासाच्या आणि १२ सात मीटर व्यासाच्या, सोळा किलोमीटरपर्यंत पसरून एकाच विशाल दुर्बिणीसारख्या वागतात. स्पॅनिश भाषेत ‘आल्मा’ म्हणजे आत्मा. नाव समर्पक आहे; देहाचा प्रश्न मात्र नावात सुटत नाही.

या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञाच्या कामाचे स्वरूप आपल्या मनातील चित्रापेक्षा फार वेगळे आहे. दुर्बिणीला डोळा लावून रात्र जागवणारा एकाकी संशोधक येथे नाही. ज्याला निरीक्षण हवे असते तो टोकियोत, म्युनिकमध्ये किंवा टोरांटोत बसून प्रस्ताव पाठवतो. दरवर्षी दीड हजारांहून अधिक प्रस्ताव येतात, आणि उपलब्ध वेळ मागणीच्या मानाने फारच थोडा असतो. परीक्षकांना प्रस्तावकाचे नाव कळू दिले जात नाही. ही प्रथा आपल्या विद्यापीठांच्या अनुदान समित्यांनी जरूर अभ्यासावी. पण तो वेगळा विषय. प्रस्ताव मान्य झाला की निरीक्षण करतो तो दुसराच कोणी: पाळीवर असलेला खगोलशास्त्रज्ञ, त्याच्याबरोबरचा यंत्रचालक आणि त्यांच्यामागे उभे असलेले अभियंते व तंत्रज्ञ. ही मंडळी पठारावर राहत नाहीत. सान पेद्रो दे अटाकामा या गावापासून काही अंतरावर, २९०० मीटर उंचीवर त्यांचा तळ आहे. नियंत्रणकक्ष तेथेच, झोपण्याच्या खोल्या तेथेच, भोजनगृह तेथेच, विजेची निर्मितीही तेथेच. आठ दिवस काम आणि सहा दिवस सुटी अशी पाळीची पद्धत तेथे प्रचलित आहे. सुटीला बहुतेक जण सान्तियागोला, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीच्या हवेत परततात आणि पुन्हा वर येतात.

तळापासून पठारापर्यंत २८ किलोमीटरचा रस्ता. तेवढ्या वाटेत माणूस २१०० मीटर वर चढतो. वर जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते, आणि जाताना प्राणवायूची नळकांडी बरोबर घ्यावी लागते. खगोलशास्त्रज्ञाला हा प्रवास नित्य करावा लागत नाही. त्याचे बहुतेक काम २९०० मीटरवरच भागते. परंतु बिघडलेला ग्राहक बदलणे, अतिशीत पंप दुरुस्त करणे, अँटेना एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर नेणे ही कामे वरच करावी लागतात. अँटेना हलवण्यासाठी २८ चाकांची, सुमारे १३० टन वजनाची दोन अवाढव्य वाहने आहेत. ‘ओट्टो’ आणि ‘लोरे’ अशी त्यांची लाडकी नावे. शंभर टनांचे नाजूक यंत्र पाठीवर घेऊन ते वाहन काही मिलिमीटरांच्या अचूकतेने उभे करायचे, आणि तेही अर्ध्या हवेत. चालकाच्या आसनापाशी प्राणवायूची सोय करावी लागली आहे ती उगीच नव्हे.

‘अर्ध्या हवेत’ हा शब्दप्रयोग आलंकारिक नाही. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो, आणि त्या प्रमाणात प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू घटतो. डोके दुखते, भूक मरते, पायऱ्या चढताना धाप लागते. पण यापेक्षा गंभीर बाब अशी की विचार मंदावतो आणि तो मंदावल्याचे स्वतःला कळत नाही. साधी बेरीज चुकते, स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा याचा क्षणभर विसर पडतो. जे लोक कायम उंचावर राहतात त्यांच्या शरीरात कालांतराने काही बदल घडून येतात. पाळीने खाली-वर करणाऱ्याला ते भाग्य पुरतेपणी लाभत नाही. त्याचे शरीर जुळवून घेऊ लागते न लागते तोच सुटी येते, आणि सुटीहून परतल्यावर सारे पहिल्यापासून. वर्षानुवर्षे असे हेलपाटे घालणाऱ्या देहावर अंतिम परिणाम काय होतो, याचा अभ्यास चिलीतील वैद्यक अनेक वर्षे करीत आहेत. त्यांना हा विषय वेधशाळांनी दिला नाही, उत्तर चिलीतील तांब्याच्या उंच खाणींनी दिला.

खाणींचा उल्लेख आलाच आहे तर अशाच एका जुन्या प्रसंगाचे स्मरण करावेसे वाटते. १९३५ साली उंचीचा मानवी देहावरील परिणाम अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय तुकडी चिलीत गेली होती. औकान्किल्चा या पर्वतावर सुमारे ५८०० मीटर उंचीवर गंधकाची खाण होती. खाणकामगार सुमारे ५३०० मीटरवरील वस्तीत राहत आणि रोज चढून कामावर जात. मालकांनी सोय म्हणून वर, खाणीजवळ निवासस्थाने बांधली. म्हणजे रोजचा चढ वाचेल. कामगार तेथे राहून पाहते झाले. त्यांची भूक गेली, झोप गेली, वजन उतरू लागले, आणि ते सरळ जुन्या वस्तीत परत आले. रोजचा चढ त्यांनी पत्करला, वरची घरे पत्करली नाहीत. शास्त्रज्ञांच्या मापनयंत्रांना जे सिद्ध करायचे होते ते त्या निरक्षर देहांनी आधीच ठरवून टाकले होते. आज आल्माची निवासस्थाने २९०० मीटरवर आहेत, पठारावर नाहीत, यात त्याच शहाणपणाचे दर्शन घडते.

अर्थशास्त्रात अशा कामाच्या मोबदल्याचा विचार नवा नाही. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की काम जितके अप्रिय वा धोक्याचे, तितकी मजुरी अधिक. कुशल लोहार बारा तासांत जेवढे कमावत नाही तेवढे कोळशाच्या खाणीतला साधा मजूर आठ तासांत कमावतो. कारण लोहाराचे काम कमी घाणेरडे, कमी धोक्याचे, आणि दिवसाउजेडी जमिनीवर चालणारे. हा सिद्धान्त आकर्षक आहे, आणि उंचीवरील विशेष भत्ते त्याच पायावर उभे आहेत. तथापि त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे कामगाराला धोका किती हे ठाऊक असते. दुसरी, त्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीक असते. कोळशाची धूळ डोळ्यांना दिसते. रक्तात कमी पडलेला प्राणवायू दिसत नाही, आणि ज्या मेंदूने धोक्याचे मोजमाप करायचे तोच त्याच्या अभावी मंद झालेला असतो. दुसरीकडे जाण्याच्या मोकळिकीचे तर विचारूच नये. अतिशीत ग्राहक दुरुस्त करण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याच्या कौशल्याला साऱ्या देशात गिऱ्हाईक असून असून किती असणार?

म्हणूनच २२ ऑगस्ट २०१३ रोजी, उद्घाटनाला सहा महिनेही झाले नसताना, आल्मातील सुमारे दोनशे संघटित चिलीयन कर्मचारी संपावर गेले तेव्हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. वेतनवाढ, आणि उंचीवरील व एकांतातील कामाचा योग्य मोबदला ही त्यांची मागणी होती. निरीक्षणे थांबली, मौल्यवान यंत्रांना इजा होऊ नये एवढ्यापुरते थोडे लोक कामावर राहिले. सतरा दिवसांनी तडजोड झाली. जगातील वैज्ञानिक वर्तुळांत काहींना या संपाचा विषाद वाटला. विश्वाच्या उत्पत्तीचा शोध पगाराच्या घासाघिशीसाठी थांबावा, हे त्यांना अशोभनीय वाटले. ही भूमिका न्यायाची नाही. त्या वेधशाळेत दोन प्रकारचे लोक शेजारी शेजारी काम करतात. परदेशी संस्थांनी पाठवलेले, त्यांच्या सेवाशर्तींवर असलेले. आणि स्थानिक करारावर नेमलेले. दोघांच्या फुफ्फुसांत जाणारी हवा सारखीच विरळ असते. जेथे हवा सारखी आणि शर्ती वेगळ्या, तेथे हिशेबाचा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. ज्ञानाची पवित्रता सांगून तो मिटवता येत नाही. शिक्षकांच्या संपाच्या वेळी आपल्याकडेही हीच पवित्रता आठवते, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

यावर एक उत्तर हमखास दिले जाते, आणि ते वजनदारही आहे: यंत्रे इतकी स्वयंचलित होत आहेत की लवकरच वर माणसाची गरज उरणार नाही, मग हा प्रश्नच राहणार नाही. निरीक्षकाच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी घडून आले आहे. पण अलीकडच्या वर्षांनी त्याच्या मर्यादाही दाखवल्या. कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये आल्मा बंद करावी लागली, आणि पुन्हा निरीक्षणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. दूरनियंत्रण एवढे पुढे गेलेले असूनही माणसे वर चढल्याखेरीज ६६ अँटेना जाग्या होईनात. पुढे २९ ऑक्टोबर २०२२ रोजी वेधशाळेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सात आठवडे निरीक्षणे थांबली. दुरून चालणारे यंत्र दुरूनच मोडताही येते, एवढा धडा त्यातून मिळाला. शिवाय अटाकामाच्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या सुमारास, पूर्वेकडून दमट हवा व कधी बर्फ येते. तेव्हा निरीक्षणे बंद ठेवून यंत्रांची देखभाल केली जाते. म्हणजे खगोलशास्त्रज्ञाला जेव्हा आकाश नकोसे असते तोच तंत्रज्ञाचा सुगीचा हंगाम. भांडवल श्रमाची जागा घेते हे खरे, पण सर्व श्रमाची घेत नाही. जे श्रम शेवटी उरतात ते बहुधा अधिक उंचावरचे आणि अधिक अवघड असतात.

मजुरीने हा प्रश्न संपूर्ण सुटत नाही याचे आणखी एक कारण आहे. उंचीमुळे घडलेल्या चुकीचा भुर्दंड एकट्या कामगाराला पडत नाही. चुकीची तार जोडली गेली तर त्याचा जीव धोक्यात येतो, आणि त्याच वेळी ज्याला वर्षभर वाट पाहून निरीक्षणाचे चार तास मिळाले त्या संशोधकाचे कामही बुडते. अशा ठिकाणी केवळ भत्ता वाढवणे अपुरे. हवा सुधारावी लागते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी दाखवून दिले की बंद खोलीतील हवेत प्राणवायूचे प्रमाण एका टक्क्याने वाढवले की देहाच्या दृष्टीने ती खोली सुमारे ३०० मीटर खाली येते. २१ टक्क्यांचे २७ टक्के केले तर ५००० मीटरवरील माणूस जणू ३२०० मीटरवर काम करतो. आल्माच्या पठारावरील तांत्रिक इमारतीत अशा प्राणवायुयुक्त खोल्या आहेत. ही दयाबुद्धी नाही. डोके ताळ्यावर असलेला तंत्रज्ञ स्वस्त पडतो, हा साधा हिशेब आहे. मात्र खोलीबाहेर, अँटेनाच्या शिडीवर, वाऱ्यात उभा असलेल्या माणसाला या सोयीचा उपयोग नाही. त्याला नाकाशी नळी आणि पाठीवर नळकांडे, एवढाच आधार.

चिलीच्या दृष्टीने या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. ज्या प्रदेशात या अँटेना उभ्या आहेत तेथूनच तांबे आणि लिथियम जगभर जाते, आणि त्यांचा भाव दूरदेशीच्या बाजारपेठा ठरवतात. आकाशाचा भाव मात्र चिलीने स्वतः ठरवला: आल्माच्या निरीक्षणवेळेतील दहा टक्के वेळ त्या देशातील संशोधकांसाठी राखलेला असतो. कच्चा माल विकून मोकळे होण्यापेक्षा हा सौदा शहाणपणाचा म्हटला पाहिजे, कारण त्यातून त्या देशात खगोलशास्त्राची एक पिढी उभी राहिली. दहा टक्के पुरेसे आहेत की नाहीत याबद्दल वाद होऊ शकतो. पण आपल्या भूमीची नैसर्गिक देणगी परक्याला वापरू देताना पैशाबरोबर विद्येतला वाटाही मागावा, ही कल्पना खनिजांच्या लिलावांपुरताच विचार करणाऱ्या देशांनी घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्राला हा सारा विषय परका नाही. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप २०२० साली निवर्तले. तारांच्या जाळीची हलकी तबकडी वापरून त्यांनी परदेशी खर्चाच्या मानाने अत्यल्प खर्चात तिची उभारणी करून दाखवली. ती मीटर लांबीच्या लहरी टिपते. या लहरींना वाफेची बाधा नाही, म्हणून टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत ती सुखाने उभी राहू शकली. येथे कोणाला नळकांडे पाठीवर घ्यावे लागत नाही. तिला हवी असते रेडिओ लहरींची शांतता. ही शांतता फुकट मिळालेली नाही. भोवतालच्या गावांवर उद्योगांच्या आणि संदेशवहनाच्या मर्यादा आल्या, आणि नियोजित पुणे–नाशिक रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीच्या आक्षेपामुळे बदलण्याची वेळ आली. दुर्बीण हलवता येत नाही आणि हलवूही नये. जगात तिच्या तोडीची यंत्रे थोडी आहेत. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्याने रेल्वे गमावून विज्ञानाला जी मदत केली, तिची नोंद कोणत्या खात्यावर आहे? चाहनान्तोरला श्वास, खोडदला शांतता; दोन्ही ठिकाणी खर्च होतो, आणि दोन्ही ठिकाणी तो प्रकल्पाच्या अहवालात आढळत नाही.

आता आपली नजर लडाखकडे वळत आहे. हानले येथे ४५०० मीटर उंचीवर २००१ पासून भारतीय खगोलीय वेधशाळा कार्यरत आहे. तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळूरजवळच्या होस्कोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते, आणि ही दूरदृष्टीची गोष्ट होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच परिसरात ‘मेस’ ही २१ मीटर व्यासाची गॅमा किरणांची दुर्बीण रीतसर सुरू झाली. लडाखची हवाही कोरडी आहे. मिलिमीटर लहरींची भारतीय दुर्बीण उभारायची झाली तर जागेचा शोध तेथेच येऊन थांबणे स्वाभाविक आहे. या बेतांना विरोध करण्याचे कारण नाही. गरीब देशाने आकाशाकडे पाहू नये हा युक्तिवाद खोडदने चुकीचा ठरवला आहे.

मात्र त्या उंचीवर रस्ते कोण बांधतो, पाया कोण खणतो, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. लडाखच्या सीमेवरील रस्त्यांसाठी झारखंडच्या दुमका भागातून मजुरांचे ताफे वर्षानुवर्षे जातात. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीतून नुकत्याच परतलेल्या या मजुरांना पुन्हा पाठवण्यापूर्वी झारखंड सरकारने त्यांच्या वेतनाची व सुविधांची हमी मागितली, तेव्हा कोठे हा विषय वृत्तपत्रांत आला. समुद्रसपाटीजवळच्या सखल मुलखातून आलेल्या या माणसांसाठी प्राणवायूची खोली कोणी बांधत नाही, आणि त्यांची वैद्यकीय नोंद दहा वर्षांनंतर काढून पाहायची झाली तर ती कोठे मिळेल हे सांगणे कठीण आहे. हानलेच्या परिसरात पुढची तबकडी उभारण्याचा प्रस्ताव जेव्हा अर्थखात्याच्या टेबलावर जाईल, तेव्हा आरशाचा, ग्राहकाचा, संगणकाचा आणि रस्त्याचा खर्च त्यात तपशीलवार मांडलेला असेल. त्याच कागदावर तपासणीच्या वैद्याचा, खालच्या उंचीवरील निवासाचा, प्राणवायूचा, आणि काम संपल्यानंतरही काही वर्षे मजुराच्या व तंत्रज्ञाच्या प्रकृतीवर नजर ठेवण्याचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा. एकूण भांडवली खर्चाच्या मानाने तो किरकोळच भरेल. तो शीर्षच नसेल तर खात्याने प्रस्ताव परत पाठवावा.